चार हातांचा काळा गोळा

गल्लीतले लोक त्याला तंद्रीभाऊ म्हणत, आणि तो त्यालाही ओ देई, फक्त जरा उशिरा. लेथवर लाकूड फिरत असायचं, हातातली पटाशी आपलं काम चोख करत असायची आणि भाऊ स्वतः कुठेतरी भटकायला गेलेला असायचा. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राही, खाकरे, खुर्ची सरकवून बघे. शेवटी आतून त्याच्या मोठ्या बहिणीचा, आक्काचा आवाज येई, "तंद्रोबा, खाली उतरा. माणसं आलीयेत." मग भाऊ डोळे मिचकावत असा बघे, की आलेल्या माणसालाच आपण चुकून कुणाच्या झोपेत शिरलो असं वाटावं.

माणूस टोपलीतले गोळे बघून हमखास विचारी, "हे कशाचे हो?"

"काळे कार्बनचे, पांढरे हायड्रोजनचे," भाऊ सांगे.

विचारणारा मान डोलवी. म्हणजे त्याला ओ की ठो कळलेलं नसे. पण गोळे इतके गुळगुळीत असत की एखादा तरी हातात घेऊन फिरवल्याशिवाय कुणी जात नसे.

भाऊ कातारी होता, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून त्याला गोल आकार देणारा. वडीलही तेच करत. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, छत्रीच्या मुठी, भोवरे. आई लवकर गेली, मागोमाग वडील. तेव्हा आक्का कॉलेजच्या वयाची होती आणि भाऊच्या ओठावर मिसरूडही धड फुटलं नव्हतं. आक्कानं पदर खोचला, नातेवाइकांची सगळी शहाणपणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिली आणि कारखाना चालू ठेवला. कारखाना कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी लेथ, भिंतीशी आक्काचं ड्रिल, मागच्या खोलीत बिऱ्हाड, आणि मधे एक दार, जे लावल्याचं कुणाला आठवत नाही. सकाळी खिडकीतून ऊन तिरकं आत यायचं आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहायचा. ते तरंगणं बघत बसायचं हे भाऊचं लहानपणापासूनचं व्यसन. यापेक्षा वाईट व्यसनं जगात आहेत, असं आक्का म्हणायची, पण फार नाहीत असंही म्हणायची.

मग एकदा शाळेतले रसायनाचे सर आले. तेव्हा ते नवेच लागले होते, किडकिडीत, बाहीला खडू लागलेला. त्यांनी एक कागद पुढे केला. मधे एक काळं वर्तुळ, आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक पांढरं. "याला मिथेन म्हणतात," सर म्हणाले. "मधला कार्बन, त्याला चार हात. बाजूचे हायड्रोजन, त्यांना एकेकच हात. हात म्हणजे काड्या समजा. मुलांना हातात धरायला असा लाकडी करून द्याल?"

भाऊला त्यात अवघड काही दिसलं नाही. त्यानं काळ्या गोळ्याला अधिकच्या चिन्हासारखी समोरासमोर चार भोकं पाडली, काड्या बसवल्या, पांढरे गोळे लावले, वरून पॉलिशचा हात मारला. सर न्यायला आले आणि टेबलावरची ती वस्तू बराच वेळ बघत राहिले.

"सुरेख झालंय," ते म्हणाले. "फक्त हा मिथेन नाही. म्हणजे आहे, पण याच्या अंगावरून रोडरोलर गेलाय."

मधल्या दारातून आक्का इतक्या मोठ्यानं हसली की सर दचकले. मग तेही हसले. भाऊ मात्र नाक फुगवून म्हणाला, "कागदावर आहे तसंच केलंय की."

"चूक कागदाचीच आहे," सर म्हणाले. "कागद बिचारा सपाट, तो दुसरं काय दाखवणार?" आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चार फुगे घेऊन आले. तोंड लालबुंद होईपर्यंत चारही फुगवले, चौघांची तोंडं एकत्र बांधली आणि तो गुच्छ टेबलावर टाकला. तीन फुगे खाली टेकले, एक वर राहिला. उलटा टाकला, तरी तेच. कसाही टाका, तीन खाली, एक वर. "बघा," सर म्हणाले, "यांना कुणी शिकवलं नाही. एकमेकांना ढकलत ढकलत चौघं जमेल तितके लांब गेले. कार्बनचे चार हातही तसेच राहतात. कुठल्याही दोन हातांमधे एकशे साडेनऊ अंशांचा कोन."

ते चपटं मिथेन सर घरी घेऊन गेले. आठवण म्हणून, असं म्हणाले. कशाची आठवण, हे भाऊनं विचारलं नाही. तो तेव्हा फुग्यांकडे बघत होता.

कोनाचा प्रश्न आक्कानं सोडवला. तिनं लाकडाचा एक ठोकळा घेऊन गोळा बसेल अशी वाटी त्यात कोरली. तिला एका बाजूनं, किंचित खालून वर चढणारी एक खुंटी बसवली आणि खुंटीच्या मागच्या टोकाला फिरवायची मूठ. मुठीच्या चकतीवर तीन खाचा. गोळ्याला पहिलं भोक सरळ पाडायचं, त्या भोकात खुंटी अडकवून गोळा वाटीत ठेवायचा, आणि वरून ड्रिल खाली आणायचं. एक भोक. मूठ फिरवायची, खाच 'टक्' म्हणते. दुसरं भोक. पुन्हा टक्, तिसरं. पहिलं धरून चार, आणि चौघांमधला कोन बरोबर जिथल्या तिथे. आक्का डावखुरी होती. ड्रिलची दांडी ती डाव्या हातानं ओढायची आणि मूठ उजव्यानं फिरवायची, म्हणून साच्याची मूठ उजव्या अंगाला होती. भाऊनं एकदा तो साचा वापरून बघितला, तर त्याचे हात एकमेकांत असे अडकले की गोळा उडून दुधाच्या भांड्यात पडला. तेव्हापासून वाटणी ठरून गेली. गोळे भाऊनं करायचे. भोकं आणि रंग आक्काचे.

आणि धंदा लागला. एका शाळेचं बघून दुसरीनं पेट्या मागवल्या, मग तिसरीनं. खुर्च्यांचे पाय मागे पडले. पेटी शाळेत जाण्याआधी सर संध्याकाळी येऊन तपासत. एकेक गोळा जोडून बघत आणि बघता बघता शिकवत. भाऊला शाळेत कधी काही कळलं नव्हतं. इथे कळायला लागलं, कारण इथे प्रत्येक गोष्ट त्यानं स्वतः पॉलिश केलेली होती. एक कार्बन असला की मिथेन. दोन कार्बननी एकमेकांचा एकेक हात धरला आणि उरलेल्या हातांत हायड्रोजन घेतले की इथेन. तीन झाले की प्रोपेन, चार झाले की ब्यूटेन, तो लायटरमधे असतो. इथवर सगळे वायू. पाचापासून पुढे द्रव व्हायला लागतात. पेट्रोल तिथे, त्याहून लांब साखळ्यांचं रॉकेल, आणि साखळी वीस-पंचवीस कार्बनांची झाली की चक्क मेण.

"का पण?" भाऊ विचारी. "गोळे तर तेच."

"आखूड साखळ्या चपळ असतात, उडून जातात," सर म्हणत. "लांब साखळ्या एकमेकींना लगटून आडव्या पडतात. उठायचा त्यांना कंटाळा."

"आमच्याकडे एक आहे तसला," आक्का ड्रिलवरून म्हणे.

"मेणाच्या या घराण्याला पॅराफिन म्हणतात," सर एकदा हसून म्हणाले. "नावाचा अर्थच असा, की फारसा कुणात मिसळत नाही. आम्लात घाला, अल्कलीत घाला, स्वारी ढिम्म." त्यानंतर दोन-तीन वर्षं तरी आक्का भाऊला पॅराफिनराव म्हणून हाक मारत होती.

मेणाची एक पूर्ण साखळी त्यांनी हौसेनं केली होती. ती कुठल्याच पेटीत मावेना, म्हणून छताच्या एका तुळईपासून दुसरीपर्यंत टांगली. नागमोडी, काळी-पांढरी. दार उघडलं की हलकेच डुलायची. खाली लेथवर बसून भाऊ तिच्याकडे बघायचा आणि सरांचं एक वाक्य चघळत राहायचा: एका मेणबत्तीत असे इतके गोळे असतात, की कुणी सेकंदाला एक मोजायला बसला तर मोजून होण्याआधी सूर्य विझेल. भाऊच्या डोळ्यांपुढे तो मोजणारा माणूस यायचा. अंधारात बसलेला, थंडीनं कुडकुडणारा, आणि तरी बोटं चालूच. त्याच्यासाठी भाऊचा जीव तुटायचा. पटाशीखालून ढलपी लांब वळत वळत सुटायची, आक्का ड्रिलच्या घरघरीत गाणं गुणगुणायची, टेबलाशी सर चष्मा पुसत काड्या मोजायचे, आणि भाऊला वाटायचं, असंच चालणार. जगात दुसरं काही असू शकतं हे त्याच्या मनाला शिवलंच नाही.

वर्षं अशी गेली. तिघांचे केस पिकले. सर निवृत्त झाले, पेट्या तपासायला मात्र येतच राहिले. आता शाळा प्लॅस्टिकचे गोळे घेत, त्यामुळे तपासायला फार नसे. सर चहा पिऊन, साखळीवरची धूळ बघून, दोन शब्द बोलून जात.

एका सकाळी आक्का हातातला ब्रश खाली ठेवून म्हणाली, "सरांनी विचारलंय."

"किती पेट्या?"

"पेट्या नाही रे. मला विचारलंय. लग्नाचं."

पटाशी सटकली. अर्धवट गोळा लेथवरून सुटला आणि टणटण उड्या मारत कपाटाखाली गेला. भाऊ त्याला शोधायला लगेच जमिनीवर पालथा झाला, आणि सापडल्यावरही बराच वेळ तसाच राहिला.

"कपाटाखालून ऐकू येतंय ना?" आक्का म्हणाली. "मग ऐक. सर महिनाअखेर तळ्याकाठच्या गावाला जातायत. त्यांच्या भावाचं घर तिथे रिकामं आहे. एकटं जायचं की दोघांनी, हे त्यांनी माझ्यावर सोडलंय. आणि मी तुझ्यावर."

"माझ्यावर कशाला?"

"कारण तू नको म्हणालास तर माझा पाय निघणार नाही. मी कशी आहे ते मला माहितीये. रागही धरणार नाही. पण एक कर, जे काही असेल ते तोंडानं बोल. गप्प बसून बोलू नकोस."

भाऊ धूळ झटकत उठला. "बघू," म्हणाला, आणि लेथ चालू केला.

आता त्यानं काय केलं ते सांगायला हवं, आणि ते काही त्याला शोभणारं नव्हतं. शाळांना सामान पुरवणारा एक व्यापारी होता, त्याला काही शाळांसाठी अजूनही लाकडीच पेट्या हव्या होत्या. त्याची मोठी ऑर्डर आक्कानं नुकतीच नाकारली होती. इतकं काम आपल्याला या वयात झेपणार नाही, असं म्हणून. भाऊनं उभ्या जन्मात कधी फोन उचलला नव्हता. वाजला तर तो आक्काकडे बघत असे. त्या दुपारी आक्का बाहेर गेल्यावर त्यानं स्वतः नंबर फिरवला आणि ऑर्डर घेतली. अख्ख्या वर्षाचं काम. संध्याकाळी छाती काढून म्हणाला, "घेतलं काम! आता ड्रिलला श्वास घ्यायला फुरसत नाही."

आक्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याला वाटलं होतं ती रागावेल, मग आपणही रागावू, मग भांडण होईल आणि भांडणात मूळ विषय वाहून जाईल. ती रागावलीच नाही. "बरं," म्हणाली, आणि एप्रन बांधून ड्रिलपाशी बसली. टक्, टक्, टक्. गाणं मात्र नव्हतं.

नेहमीच्या वेळेला सर आले. कोपऱ्यात रचलेलं नवं लाकूड त्यांना दारातूनच दिसलं, आणि आयुष्यभर मुलांच्या तोंडावरून उत्तरं ओळखलेला तो माणूस, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. "मोठं काम मिळालं वाटतं. छान झालं," ते म्हणाले. चहा प्यायले. वर बघून म्हणाले, "साखळी टिकली हो तुमची." आणि उठले. आक्का त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. रंगाचा वास चढला, म्हणाली. रंगाचा डबा सकाळपासून बंद होता. भाऊला ते दिसलं, आणि त्यानं ते दिसू दिलं नाही.

त्यानंतर त्याच्या तंद्रीची चव गेली. डोळे जडावले की पूर्वी भुशाचे कण चांदण्यांसारखे तरंगायचे. आता त्या कणांतून दोन काळे गोळे यायचे, एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेले. एका पेटीसाठी इथीन जोडता जोडता त्यानं ते हातात घेतलं. इथीनमधे दोन कार्बनना दोन स्प्रिंगांनी जोडायचं असतं, वाकवून. भाऊ एक गोळा धरून दुसरा पिळून बघू लागला. स्प्रिंगा कुरकुरल्या, गोळा तसूभरही फिरला नाही. सरांनी कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलं होतं ते आठवलं. दुहेरी बंधात दोघं जवळ असतात खरे, पण वळायची सोय नाही. सगळी ताठरलेली जवळीक. त्यातला एक बंध सुटला, की दोघांचा एकेक हात मोकळा होतो, त्या हातात दोघं एकेक हायड्रोजन धरतात, आणि मग हवे तसे गोल फिरतात. "तुटत नाहीत?" भाऊनं तेव्हा विचारलं होतं. "छे," सर म्हणाले होते. "दुसरा बंध असतोच की. जरा लांब होतो, एवढंच."

भाऊनं इथीन पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

सर गावाला निघायच्या आदल्या दिवशी आक्का म्हणाली, "सरांची पुस्तकं बांधायला जातेय. संध्याकाळपर्यंत येईन. जेवण झाकून ठेवलंय, आठवणीनं जेव." परत येईन, असं ती म्हणाली. भाऊला खरं म्हणजे तेच हवं होतं. पण ती गेल्यावर खोली इतकी गप्प झाली की त्याला लेथ चालू करवेना. भिंतीशी भोकं पाडून झालेल्या गोळ्यांचा ढीग होता, रंगासाठी थांबलेला. आक्काचं हल्ली रंगावर मन नव्हतं. भाऊच्या मनात आलं, आपणच रंगवून टाकू. तिला तेवढीच मदत. पापाला तेवढाच उतारा, असंही कुठेतरी असेल.

काळ्या रंगाचा डबा कुठे असतो? त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं या खोलीत काढली, हजारो काळे गोळे डोळ्यांखालून गेले, आणि डबा कुठल्या फळीवर असतो ते माहीत नव्हतं. शोधत शोधत तो वरच्या फळीपाशी आला. डबा उचलला. मागे फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

फडकं पिवळं होतं. भाऊनं ते लगेच ओळखलं. मधल्या दाराला एके काळी पिवळा पडदा होता, आणि तो त्यानंच फाडला होता. ऐन तिशीतली गोष्ट. एकदा आक्कानं जेवताना सहज विचारलं होतं, "समजा मी इथे नसले, तर भोकं कोण पाडेल रे?"  भाऊ ताटावरून उठला, अंथरूण ओढत माळ्यावर गेला, त्यात पडदा खिळ्याला अडकून टरकन फाटला, आणि पुढचे कित्येक दिवस तो वरच राहिला. जेवण पाठवलं तर परत, हाक मारली तर गप्प. खाली आला तेव्हा आक्कानं तो विषय पुन्हा काढला नाही. सरही त्या हिवाळ्यात यायचे बंद झाले होते. मग उन्हाळ्यात काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा येऊ लागले. भाऊला कधी त्याचं नवलही वाटलं नव्हतं.

त्यानं फडकं सोडलं. आत साचा होता. तशीच वाटी, तशीच खुंटी, तशाच तीन खाचा. फक्त मूठ डाव्या अंगाला. आणि ती मूठ त्यानं स्वतः केलेली होती! माळ्यावर जाऊन बसण्याच्या थोडंच आधी आक्कानं सांगितलं होतं, "एक मूठ करून दे. जरा जाड कर, मोठ्या पंजात बसेल अशी." "कुणाच्या?" त्यानं विचारलं होतं. "आहे एकाचा," ती म्हणाली होती. तंद्रीत करून दिली होती त्यानं, आणि विसरून गेला होता.

भाऊ ड्रिलपाशी बसला. ड्रिलची दांडी काढून दुसऱ्या बाजूला लावता येते, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. तिकडच्या आट्यांना तेल घातलेलं होतं. कुणी घातलं असेल ते वेगळं सांगायला नको. त्यानं एक कोरा गोळा घेतला, सरळ भोक पाडलं, खुंटीवर चढवला, डाव्या पंजात मूठ धरली. ती त्याच्या हातात अशी बसली, जणू रोजचीच. उजव्यानं दांडी ओढली. टक्. टक्. टक्.

चार काड्या घालून त्यानं गोळा टेबलावर ठेवला. तीन काड्यांवर उभा, एक वर. उलटा ठेवला, तरी तसाच. पहिल्याच गोळ्याला जमलं होतं. आणि भाऊला रडू फुटलं. आक्काशिवाय भोकं पडणार नाहीत, यावर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं, आणि तिचंही त्यानं त्यावरच उभं केलं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं ते. माळ्यावर न जाता तेव्हा नुसतं तोंड उघडलं असतं, तर आज तळ्याकाठच्या त्या घरात दोन पिकलेली माणसं संसाराला जुनी झालेली असती. तो ओक्साबोक्शी रडला, डोक्यावरची साखळी डुलत राहिली, आणि त्याला खाली उतरा म्हणायला कुणी नव्हतं.

मग तो तसाच उठला. अंगात एप्रन, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात आक्काची, एका हातात गोळा, दुसऱ्यात साचा. रस्त्यानं लोक वळून बघत होते. तंद्रीभाऊ धावतोय, हे दृश्य गल्लीनं कधी बघितलेलं नव्हतं.

सरांचं दार उघडंच होतं. आक्का जमिनीवर बसून पुस्तकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होती. सर स्टुलावर चढून फळी रिकामी करत होते. फळीवर आता एकच वस्तू उरली होती, ते चपटं मिथेन, धूळ पुसून ठेवलेलं.

"आक्का," भाऊ दारातच थांबून धापा टाकत म्हणाला, "मी भोकं पाडली."

"कशाला?" ती म्हणाली, आणि मग तिला त्याच्या हातातला साचा दिसला. सुतळी हातातून सुटली.

सर हळूच स्टुलावरून उतरले. "मी चहा टाकतो," म्हणून आत गेले. आत चहाचं एकही भांडं नव्हतं, सगळी केव्हाच खोक्यात गेली होती. पण ते आतच थांबले.

"इतकी वर्षं तिथेच होता हा?" भाऊनं विचारलं.

"तिथेच. काळ्या रंगाच्या डब्यामागे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

 आक्काच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच भाऊला सोसवेना. "सांगायचंच होतं," ती म्हणाली. "पण तू माळ्यावर जाऊन बसलास. मग म्हटलं, राहू दे तिथेच. कधीतरी एखादा दिवस तू आपणहून माझ्यासाठी डबा काढशील. त्या दिवशी सापडेल."

भाऊनं एप्रननं तोंड पुसलं. तोंडभर भुसा लागला. "तू जा आक्का," तो म्हणाला. "सरांबरोबर जा. मी हे तोंडानं बोलतोय. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"ऑर्डर मी करेन. हळूहळू करेन, पण करेन. भोकं, रंग, सगळं. फोनसुद्धा उचलेन."

आतल्या खोलीत, जिथे चहा होत नव्हता तिथे, कुणीतरी नाक शिंकरलं.

आक्कानं डोळे पुसले आणि हात पुढे केला. भाऊनं तिच्या तळहातावर गोळा ठेवला. तिनं तो उजेडाकडे धरला, चारही काड्या एकेक करून काढल्या, प्रत्येक भोकात करंगळी घालून बघितली, काड्या परत बसवल्या.

"तिसरं भोक जरा खोल गेलंय," ती म्हणाली. "तिथे हात हलका ठेवत जा."